पातळ आवाज

“मास्तर, मशीन हातानं चालतं की पायानं?” अपील ऐकणाऱ्या बाईंनी विचारलं.

“पायानं,” शिंपीमास्तर म्हणाले.

“आणि शिवता काय?”

मास्तरांचा उजवा हात मांडीवर पडलेला. चोरानं दुकानातलीच इस्त्री उचलून मनगटावर घातली, तेव्हापासून बोटं वाळल्या शेंगांसारखी आखडली होती. अशा मारहाणीत जायबंदी झालेल्यांना सरकार भरपाई देतं. मास्तरांचा अर्ज मात्र फेटाळला होता. चौकशीला आलेल्या माणसानं लिहिलं होतं, मशीन दिवसभर धडधडतं, धंदा जोरात आहे.

खरं उत्तर सोपं होतं. काहीच नाही. मशीनमध्ये ना दोरा ना कापड; मास्तर नुसते पाय मारत बसायचे. पण हे साडूच्या देखत कसं सांगायचं? तो साक्षीदार म्हणून मागच्याच बाकावर बसला होता, पँटची कडक घडी सांभाळत.

साडूचंही शिंपीकाम, दुकान रस्त्यापलीकडे, बरोब्बर समोर. त्यानं नवी पाटी लावली त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात असा जाळ पेटला, की इस्त्रीला कोळसा लागेनासा झाला. पोटाशी धरली की तापायची. कुणी पत्ता विचारायला साडूची पायरी चढलं, तरी इकडे मास्तरांचा घास अडकायचा. हात गेल्याचं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण धंदाही गेला हे साडूला कळता कामा नये. “डाव्या हातानं शिवतो, पहिल्यापेक्षा झकास,” असं मास्तरांनी त्याला तोंडावर ऐकवलं होतं.

शेजारी बसलेल्या बायकोनं कोपर मारलं. “बोला की. भावोजींच्या नादात भरपाई घालवताय का?”

“गिऱ्हाइकांचे कपडे शिवतो,” मास्तर म्हणाले. “ढिगानं.”

बायकोनं डोळे मिटून घेतले. बाईंनी पेन उचललं. “म्हणजे काम करता येतं.”

मागचा बाक करकरला. “मॅडम, त्यांचं मशीन रिकामं चालतं,” साडू उभा राहून म्हणाला.

मास्तर गर्रकन वळले. “तू बघायला आला होतास?”

“बघायला कशाला पाहिजे, मास्तर? खाली कापड असलं की आवाज जाड येतो. रिकामं मशीन पातळ वाजतं. तुमचं मार खाल्ल्यापासून पातळच वाजतंय.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं.

साडूनं घडी पुन्हा सारखी केली. “साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं.”

“खरं आहे का हे, मास्तर?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. “हो,” ते म्हणाले. बोटात मोडलेली सुई उपसावी तसा तो शब्द बाहेर आला.

अपील मंजूर झालं.

जिन्यात बायको म्हणाली, “भावोजींमुळे झालं. दोन शब्द गोड बोला त्यांच्याशी.”

“बोलू सावकाश.” आता मास्तरांना त्याच्या कानांचाही हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दुकान उघडलं. आता कुणासाठी पाय मारायचे? ते मांडी घालून बसले. गल्ली कधी नव्हे एवढी शांत वाटली. समोर साडूचं मशीन चालू होतं. आजवर आपल्याच खडखडाटात मास्तरांना त्याचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. हेव्यानं का होईना, त्यांनी कान लावला.

आवाज पातळ होता.

मास्तर दारापाशी गेले. पुन्हा ऐकलं. साडू मान खाली घालून पाय मारत होता, आणि आता मान वर करणारच होता.

मास्तर झटकन मागे सरले, मशीनवर बसले, पायडलवर दोन्ही पाय ठेवले आणि गल्लीत दुसरं कुठलंच मशीन ऐकू येऊ नये असा जोरात धडधडाट सुरू केला.