तळघराचं दार

मिलिंद माधवनगरच्या गिरणीतून आला की टीव्हीला भुताचा गेम जोडून बसायचा आणि त्याची बायको आम्रपाली रोज खवळायची, "जेवायची शुद्ध न्हाई तुमास्नी! एक दिवस टीव्हीसकट कृष्णेत बुडवीन त्या गेमला!"

त्याच गेमवरचा पिच्चर सांगलीत लागला, तेव्हा मिलिंदनं हातापाया पडून तिला नेलं. पिच्चरवाले गेमचं वाटोळं करतील, अशी धास्ती त्याला होती; पण शेवटी तळघरात भुतानं नायिकेला गिळलं, तसा तोही थेटराबरोबर टाळ्या पिटायला लागला.

"टाळ्या कसल्या पिटताय?" आम्रपाली खुर्चीवरून उठून कडाडली. "शेवट बदलला मुडद्यांनी! गेममधी ती भुताला जाळून भाईर येती!"



मिलिंदचे हात तसेच राहिले. त्याला तर गेममधल्या तळघराचं दार कधी उघडताच आलं नव्हतं.