घर पाहायला आलेली माणसं

दुबईजवळच्या अजमानमधला फ्लॅट पाहायला आलेली माणसं कपाटंही उघडतात, हे चंद्रशेखरच्या ध्यानात आलं नव्हतं. नोकरी गेलेली, व्हिसा संपत आलेला, म्हणून फ्लॅट विकायला काढलेला. गिऱ्हाइकांना घर दाखवायचे कित्येक ओपन हाउस रिकामे गेल्यावर आज एक मराठी जोडपं आलं होतं. बाईंनी कपाटातल्या डब्यांमागून चंदनाचा हार घातलेला फोटो ओढून काढला. "अगं बाई! ही कोण? या घरातच गेली का?" फोटो चंद्रशेखरच्या बायकोचा होता. ती याच घरात गेली होती. "छे हो, वहिनी. आधीच्या मालकांचा राहिला असेल." "मग टाकून द्या की! परक्याचं मढं कशाला सांभाळताय?" दोघं दारातून बघत होती. त्याने जिन्याजवळची कचरा टाकायची झडप उघडून फोटो आत सोडला. काच खालपर्यंत आपटत गेली. तो वळला तेव्हा बाई लिफ्टचं बटण दाबत होत्या. "घर छान आहे, भाऊजी. अजून दोन-तीन बघतो. कळवू, इन्शाल्ला."