पाहुण्याचं पाणी

विहिरीचं पाणी तपासायला आलेले साहेब ओसरीवर टेकले आणि त्यांनी सोबतची रिकामी बाटली सासूबाईंपुढे धरली. “मावशी, एवढी भरून द्या.” विहीर अंगणापलीकडेच होती, पण साहेबांना उन्हात उठणं जिवावर आलं. मी आत चहा टाकत होते.

त्या एका बाटलीसाठी मी दोन वर्षं तालुक्याला खेटे घातले होते. कारखान्याचा नाला मळ्यात शिरला तेव्हापासून विहिरीवर तेलकट तवंग असायचा. मामंजींच्या किडन्या गेल्या, मग मामंजी गेले. तपासणी होईपर्यंत म्हणून पंचायतीने टँकर सुरू केला होता. प्यायला तेवढंच.

महिन्याभराने ग्रामसेवक पेढे वाटावेत तशा थाटात आले. “वहिनी, तुमच्या विहिरीचं पाणी एकदम चोख निघालं! टँकर बंद.”

मी त्यांच्या अंगावर ओरडले. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. “अगं, मी माठातलं टँकरचं भरून दिलं. उन्हातान्हाचा आलेला माणूस, मला वाटलं वाटेत प्यायला मागतोय. त्याला विहिरीतलं कसं देऊ?”

फेरतपासणीचा अर्ज तालुक्याला धूळ खात पडलाय आणि इथे माठ पालथा आहे. आज माझा मुलगा तहानेने रडायला लागला, तेव्हा सासूबाईंनी विहिरीचं पाणी उकळलं, दुहेरी फडक्यातून गाळलं आणि फुलपात्र त्याच्या हातात दिलं. त्याचं पिऊन होईपर्यंत त्या भिंतीकडे बघत राहिल्या.