हापशाचा दांडा

“भाव तुमीच सांगला, त्या भावाले गिऱ्हाईक तयार झालं, अन् आता नाही म्हणता? मंग मी कायले उन्हातान्हात हिंडलो?”

धरमसिंग ओट्यावर बसून बोलत होता. रत्नमालाबाई दारातच उभी. घर तिचं, विकायला काढलं तिनंच. कामरगावात दलाली करणाऱ्या धरमसिंगनं तिच्या किमतीला गिऱ्हाईक आणलं, तेही आपल्या बंजारा तांड्यातलं. कंडक्टर धनराज, त्याची बायको रीता आणि त्यांची चिमुरडी पोरगी. सकाळी तिघं घर बघून गेली आणि दुपारी बाईचा निरोप आला, की घर द्यायचं नाही.

का नाही, हे धरमसिंगनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठी माणसं आत खोल्या बघत होती, तेव्हा पोरगी अंगणातल्या हापशाकडे गेली. दांड्याला लोंबकळून तिनं गिलास भरला. तोंडाला लावणार, तोच बाई धावत आली आणि गिलास असा हिसकला की पोरगी धपकन खाली बसली. पाहुण्यांना बाईनं पाणी दिलं होतं ते विकतच्या जारमधलं, कागदी ग्लासात. रीतानं पोरीला कडेवर घेऊन जाताना एकदा वळून बघितलं फक्त. धरमसिंगच्या काळजात ते बघणं रुतलं.

एरवी त्याला बाईची कीवच यायची. नवऱ्याचं फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, ते बुडालं. माल तसाच घरी पडून राहिला, मुदत संपून गेली. मग नवरा गेला. वर्ष होत नाही तो संस्कृती, तिची थोरली पोरगी, किडनीच्या आजारानं अकोल्याच्या दवाखान्यात गेली. धाकट्या पोराला बाईनं कारंज्याला आपल्या आईकडे ठेवलं होतं, सणालाही घरी आणत नसे. घर मात्र लख्ख. हापशाभोवती गवताचं पातं नाही, गाजरगवतसुद्धा नाही. धरमसिंग गिऱ्हाइकांपुढे त्याची तारीफ करायचा.

पण इतकं भोगूनही बाईची जात काही सुटली नाही म्हणायची! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

मालकाच्या किमतीला गिऱ्हाईक तयार झालं की दलालाचं काम संपलं, मग मालकानं पाय मागे घेतला तरी दलाली चुकत नाही, असा रिवाज त्यानं सुनावला. बाईनं वाद घातला नाही. देणं लागते, म्हणाली, पण घर विकल्याशिवाय हातात काही नाही. तेव्हा धरमसिंगनं वेगळंच मागितलं.

“शब्द द्या मंग. पुढचं गिऱ्हाईक मी आणीन, त्याले नाही म्हणाचं नाही.”

बाईनं हापशाकडे बघितलं.

“देते. पण लेकराबाळाचं नका आणू, भाऊ. एवढं आयका.”

बरं, म्हणून तो उठला. आमच्या लेकरांचा एवढा विटाळ होतो का हिला, हे रस्ताभर त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर हापशाचा दांडाच काढून टाकलेला. तांड्यातल्या कुणाचा हात लागायला नको म्हणून, दुसरं काय!

पुढं एक संस्था घर शोधत आली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी वसतिगृह काढायचं होतं. धरमसिंगचा मुलगा आणि सून दरसाल उसाला जायचे. नात त्यांच्यामागं फडात, शाळा वाऱ्यावर. नातीनं शिकावं याशिवाय त्याला आता काही नको होतं. आणि घर तर डोळ्यांसमोरच होतं. जिथं तांड्याच्या एका पोरीचा गिलास हिसकला, तिथं आता अख्खा तांडा पाणी पिईल. धरमसिंगला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं.

बाईला त्यानं एवढंच सांगितलं, की संस्था आहे, कार्यालय टाकणार आहे.

“राहीन का कोणी तिथं?”

“कोणी नाही. सकाळी येतीन, संध्याकाळी जातीन.”

बाईनं शब्द पाळला. कारंज्याला सही केली, न मागता दलाली हातावर ठेवली आणि हात जोडले. धरमसिंगला क्षणभर कसंतरी झालं. पण रीता आठवली, आणि तो सावरला. बाई आईकडे कायमची राहायला गेली. त्या दलालीतून त्यानं वेल्डरकडून हापशाला नवा दांडा करून घेतला. दिवाळी झाली, तांडा उसाला गेला, लेकरं घरात आली. नातही तिथंच राहून पहिल्यांदाच सलग शाळेत जाऊ लागली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं. धरमसिंगनं मुद्दाम बाईला बोलावलं, घर चांगल्या कामी लागलं ते बघून जा, म्हणाला. ती आली ती फाटकातच थबकली. अंगणात लेकरांच्या रांगा होत्या. धरमसिंगनं तिला पुढं नेऊन खुर्चीवर बसवलं. गाव बघत होतं. त्यानं नातीला खूण केली.

नातीनं दांडा हापसला, गिलास भरला आणि दोन्ही हातांनी बाईपुढं धरला. पोरीचा चेहरा आठवडाभर सकाळी सुजलेला असायचा. थंडीनं असेल, धरमसिंगची बायको जमनाबाई म्हणायची. ती सगळं थंडीवरच घालायची.

“घ्या की,” धरमसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “तांड्याच्या हातचं हाय.”

बाईनं गिलास घेतला. पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग गिलास मातीत ओतला.

माणसांत कुजबुज झाली. धरमसिंग ताडकन उठला. “आजून तेच? आजून जात नाही गेली तुमची?”

बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर रांगेतल्या एकेका तोंडावरून फिरत होती. “कवापासून पिऊन राह्यले हे?”

“दिवाळीपासून. काहून?”

“जातीसाठी नव्हता हिसकला, भाऊ,” ती म्हणाली. “दुकानातलं औषध आमच्या ह्यायनं हापशापाशीच पुरलं होतं. माही संस्कृती ह्याच पाण्यानं गेली.”