डावा खांदा

"अंगावर ओळखखूण?" बाईंनी विचारलं.

"नाही," शिंपी म्हणाला.

पहिले दहा रकाने सुरळीत पार पडले होते. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, रक्तगट, तिकडच्या कारखान्याचा पत्ता. परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या नोंदणीचं हे सरकारी कार्यालय. इथला शिक्का बसल्याशिवाय विमानात बसता येत नाही. शिंप्याचा मुलगा वेल्डर होता आणि परवा निघायचा होता. त्याला दूतावासाच्या पत्त्याचं कार्ड मिळालं, मदतीचा फोन नंबर मिळाला, पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत आणि एक घरी ठेवायची, अशी सूचनाही मिळाली. सगळ्याला तो "हो मॅडम" म्हणाला होता आणि त्यातलं निम्मं विसरलाही होता. अकराव्या रकान्यापाशी मात्र गाडं अडलं, आणि अडवलं ते बापाने.

हा रकाना बाई जाणाऱ्याला विचारत नसत, मागे राहणाऱ्याला विचारत. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे त्यांना वीस वर्षांत कळून चुकलं होतं.

"तीळ? व्रण? टाके?"

"नाही."

"लहानपणी कुठे पडला-झडला असेल."

"आमचा पडणाऱ्यातला नाही."

मुलाला हसू आलं. त्याने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मॅडम, हे ठिणग्यांचे डाग लिहा ना. हवे तेवढे आहेत."

"ते सगळ्याच वेल्डरांना असतात," बाई म्हणाल्या. "तिथे तुम्ही चाळीसजण असाल."

मुलाने बाह्या खाली केल्या. तो पुन्हा हसला नाही.

शिंप्याचा नन्नाचा पाढा चालूच होता. लिहिलंच नाही तर लागायचंही नाही, अशी त्याची भाबडी समजूत. बाईंना ती नवी नव्हती. त्या खुर्चीत बसणाऱ्या आईबापांपैकी निम्मे तरी ती घेऊनच येत, आणि बाईंना दर वेळी त्यांचा राग येई आणि मग रागाची लाज वाटे.

"मॅडम, नसतं अशुभ कशाला लिहून ठेवायचं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, लिहिलं म्हणून ते होत नाही. आणि नाही लिहिलं म्हणून टळतही नाही. गेल्या वर्षी एका कारखान्याचं छप्पर कोसळलं. त्यात आपले चौघं गेले. तिघांना पाच दिवसांत घरी आणलं. चौथ्याला सव्वा महिना लागला. त्याचा हा रकाना कोरा होता."

"घरी विचारायचं ना," मुलगा म्हणाला.

"विचारलं. मीच फोन केला होता त्याच्या आईला. अशा वेळी विचारलं की कुणाला काही आठवत नाही रे. म्हणून आत्ता विचारते."

शिंप्याने सवयीने हात लांब करून मुलाच्या शर्टाची कॉलर नीट केली. निळ्या पट्ट्यांचा नवाकोरा शर्ट होता. हात तिथेच डाव्या खांद्यावर राहिला.

"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

"कुणाचा?" मुलाने विचारलं.

बाईंनी चष्मा वर सरकवून मुलाकडे पाहिलं. दोन्ही खांदे सारखे होते. पट्टेसुद्धा दोन्हीकडे एका रेषेत उतरले होते.

"मला तर सरळ दिसतात, काका."

"दिसणारच. डाव्या बाजूला आतून कॅनव्हासचे दोन पदर जास्त घालतो. पट्टेही तसेच कापतो." शिंप्याने अंगठा खांद्यावरून गळ्याकडे सरकवला. "जन्मला तेव्हा गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं. हात लावला की गाठ लागते."

मुलाने कॉलरमध्ये बोटं घातली. ती गाठ त्याच्या ओळखीची होती. सगळ्यांनाच असते, असं तो धरून चालला होता.

"म्हणून मला रेडिमेड घेऊ देत नव्हतात?"

"शाळेत पोरं चिडवतात," शिंपी म्हणाला. "नंतर मग सवय झाली मला."

इतकी वर्षं मुलगा मित्रांना सांगत आला होता, आमचे बाबा महाकंजूस, शिंप्याच्या घरी जन्मलो म्हणून दुकानातला शर्ट काही नशिबात नाही. बाबांच्या समोरही म्हणाला होता, आणि ते हसले होते. आता त्याला त्यांच्याकडे बघवेना. तो भिंतीवरच्या तक्त्यातले मदतीचे नंबर वाचत राहिला.

बाईंनी मोठ्याने म्हणत लिहिलं. "डावा खांदा अर्धा इंच खाली. गळ्याजवळच्या हाडाला डाव्या बाजूला गाठ." मग फॉर्म फिरवून शिंप्यासमोर धरला. त्याने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला आणि मान हलवली. बाईंनी शिक्का उचलला.

"थांबा मॅडम. अजून एक ओळ बसेल का तिथे?"

"बसेल. सांगा."

"सहा शर्ट शिवून दिलेत मी बरोबर. त्यातला एखादा अंगात असला, तर खांदा सरळच दिसेल त्यांना." शिंप्याने रकान्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "लिहा, शर्ट काढून बघा."