'हे' अक्षरावरून नाव

इंदिरानगरात विद्याधरच्या मुलाचं बारसं होतं. गुरुजींनी 'हे' हे अक्षर काढून दिलं होतं आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे अनसूयाताईंचा. पण कोणतं नाव ठेवायचं ते विचारलं की, कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवणारा हा भाऊ पाहुणे जमेपर्यंत "बघू गं ताई" एवढंच म्हणत राहिला. शेवटी ताईंना त्याच्या टेबलावर त्याच्याच अक्षरातला एक कागद सापडला. वर लिहिलं होतं, 'जुनी नावं सोडावीत, यापुढे नवीनच वापरावीत.' खाली तीन नावं होती: केरॅटन, डर्मॅटन, हेपरन.

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं, "हेपरन."

विद्याधरच्या हातातलं पेढ्यांचं ताट कलंडलं.

"ताई, तो माझ्या उद्याच्या तासाचा कागद होता," तो कुजबुजला. "प्राण्यांच्या कातड्यात, आतड्यात ज्या चिकट साखरा असतात ना, त्यांची नावं आहेत ती."

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलंच, "नाव अगदी वेगळं आहे हो. अर्थ काय त्याचा?"

 

ताई भावाकडे न बघता म्हणाल्या, "साखर. संस्कृतात."