घराची राखण

रंगुबाईच्या वाल्मिकला आठवडाभर जेवतानाही मोबाईलमधून डोकं वर काढायला सवड नव्हती. बायकापोरांना बर्फावर घसरायला कझाकस्तानला न्यायचं म्हणून तो स्वस्त विमान हुडकत होता. शेवटी सापडलं एकदाचं. तिकिटं मात्र त्यानं चारच काढली.

“आई, तू घर राख. सगळेच गेलो तर चोर शिरायचे,” तो साळसूदपणे म्हणाला.

रंगुबाई शनिशिंगणापुरात नांदायला आली तेव्हापासून या घराला दार नव्हतं. शनिदेवाचा पहारा असताना दार बसवायचं नाही, ही गावाची रीत. मोकळ्या चौकटीकडं बघत तिनं पदर खोचला.



“देवाला रजा दिलीस व्हय रे, मुडद्या? राखणीला तो हाय. माझं तिकीट काढ, आन् खिडकीजवळचं काढ!”